नलिनीचा घरभाडे भत्ता

गिरावीन, सिडनी
अधिक आश्विन, मंगळवार (तिथी विचारू नका, कॅलेंडर पुण्याच्या भिंतीवर राहिलंय)

सौ. चित्राताई विहीणबाईंना श्यामलाचा नमस्कार, आणि गुरुदत्तरावांना वेगळा, कारण मागच्या वेळी मी एकाच नमस्कारात दोघांना उरकलं म्हणून ते हिरमुसले होते असं मंजिरीकडून कळलं. तुमचा गुडघा कसा आहे? करोनामुळे सोसायटीने लिफ्ट बंद ठेवलीय हे ऐकून मी इथे बसल्या बसल्या तुमच्या सेक्रेटरीला चार शब्द सुनावले (त्याला उचकी लागली असेल तर ती माझी). गुरुदत्तराव अजून दिवसातून पाच वेळा वाफ घेतात का? जरा कमी करायला सांगा. माणूस आहेत, मोदक नव्हेत.

आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. रोज अकरा वाजता टीव्हीवर जो आकडा सांगतात त्यात आमच्या घरचं कोणी नाही. चिन्मयी आता बसायला लागली. रविवारी तुम्हाला फोनवर ती आडवी दिसली, पण ते मंजिरीने फोन आडवा धरल्यामुळे. प्रत्यक्षात नात ताठ बसते आणि वरणभात बघून टाळ्या पिटते. मी फेब्रुवारीत आले ती तीन महिन्यांसाठी. पहिलं बाळंतपण आईचं, म्हणजे तुमचं, हे मला काय कळत नव्हतं? मी आपली आधी येऊन डिंकाचे लाडू वळून, तुमच्या हाती कारभार सोपवून परतणार होते. पण तुमचं तिकीट एप्रिलचं, आणि मार्चमध्येच या देशाने दार लावून आतून कडी घातली. तेव्हापासून तुमच्या वाट्याचं काम मी करते आहे आणि तुम्ही मुलुंडहून सूचना देता आहात. सूचना चांगल्या असतात, यात वाद नाही. (ओव्याची धुरी इथे देता येत नाही हे तेवढं एकदा मान्य करा. छतावरचा तो धुराचा भोंगा बोंबलायला लागतो आणि शेजारी अंगणात येऊन उभे राहतात.)

हे पत्र हाताने लिहून पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते आहे. तुम्ही म्हणाल, सरळ फोन का नाही? तर फोनवर तुमची लेक माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेली असते, आणि जे सांगायचंय ते तिच्यासमोर सांगण्यासारखं नाही. पानं उलटसुलट आली तर खाली आकडे टाकलेत ते बघा. मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत, ‘ही नलिनी कोण हो नवीन?’ आणि तेवढ्यात फोन कट झाला. नेटवर्कवर आळ घेऊ नका, तो मंजिरीने कट केला. त्या नलिनीचाच हा सगळा प्रकार आहे, आणि येत्या रविवारी आमच्या घरात निकाल लागायचाय की ती मागच्या घरात राहणार की जाणार. जायचं झालं तर कुठे, तर तिच्या गाडीत. पत्ता म्हणून गाडीचा नंबर. म्हणून पत्र लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा, गॅसवर काही असेल तर बंद करून या.

आधी मागचं घर म्हणजे काय ते सांगते. सलिलच्या अंगणात मागच्या कुंपणाला लागून एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर असं सुटं घर आहे, त्याला इथे ‘ग्रॅनी फ्लॅट’ म्हणतात. ग्रॅनी म्हणजे आजी. मी उतरले त्याच दिवशी सलिल मोठ्या कौतुकाने ‘आई, चल तुला ग्रॅनी फ्लॅट दाखवतो’ म्हणाला. म्हटलं झालं, पोराने आईसाठी अंगणात वेगळी चूल मांडून ठेवली. मी दोन दिवस बॅग उघडली नाही. मग कळलं की तिथे अर्णव नावाचा नागपूरचा मुलगा भाड्याने राहतो आणि आजीशी त्या घराचा नावापुरताच संबंध आहे. अर्णव गुणी मुलगा. मोठ्या कंपनीत, गळ्यात पट्टा, पगार सलिलपेक्षा जास्त. एप्रिलमध्ये कंपनीने सकाळी एक ईमेल पाठवली आणि दुपारी त्याचा लॅपटॉप बंद पडला. व्हिसा तात्पुरता, त्यामुळे इथल्या सरकारने त्याला दमडी दिली नाही. मिळेल त्या विमानाने बिचारा नागपूरला गेला. जाताना कुकर मला देऊन गेला, त्यातच मी चिन्मयीचा भात लावते. त्यानंतर घर रिकामं. इकडे सलिलचा पगार कापलेला, बँकेचा हप्ता मात्र अंगाने भरलेला. तेव्हा चांगला भाडेकरू हवा ही त्याची निकड खरी होती, त्याबद्दल मी त्याला बोल लावत नाही.

मी बोल लावते तो शैलेंद्रला. हा कुंपणापलीकडचा. मूळचा बिबवेवाडीचा, आता तीन घरांचा मालक, आणि तीन घरं झाली की माणसाला जे होतं ते त्याला झालेलं आहे. कुंपणावर कोपर टेकून त्याने सलिलला मंत्र दिला की मेट (म्हणजे दोस्ता), काहीही कर पण सेंटरलिंकवाला घेऊ नकोस. सेंटरलिंक म्हणजे इथली सरकारी मदत देणारी कचेरी. म्हातारे, आजारी, नोकरी गेलेले, सगळ्यांना तिथून दर पंधरवड्याला पैसे मिळतात, आणि जे भाड्याने राहतात त्यांना भाड्यासाठी वर थोडी मदत. शैलेंद्रचं म्हणणं, असे लोक भाडं थकवतात, भिंतींना भोकं पाडतात आणि दिवसभर घरात बसून असतात. (तिसऱ्या आरोपावर मी म्हटलं, अरे बाबा, यंदा दिवसभर घरात बसलेला नाही असा एक माणूस दाखव. पण कुंपणावरच्या चर्चेत बायकांचं बोलणं चहाच्या कपाबरोबर आत पाठवतात.) सलिलने तो मंत्र कानात घेतला आणि घराचा कायदा करून टाकला. मी ऐकलं, मान डोलावली, आणि खरं सांगते चित्राताई, मला तो पटलाही होता. पुढे जे झालं ते माझ्या हातून कायदा मोडायच्या इराद्याने झालेलं नाही. ते भाषेमुळे झालं.

झालं असं. जाहिरात वाचून एक बाई घर बघायला यायच्या होत्या. सलिल एका खोलीत मीटिंगला, मंजिरी दुसऱ्या खोलीत मीटिंगला, आणि मधल्या मोकळ्या प्रदेशात मी आणि चिन्मयी. सलिलने बजावून ठेवलं होतं, ‘आई, तू फक्त दाखव, डिसाइड काही करू नकोस.’ बाई आल्या. साठीच्या पुढच्या, आडव्या बांध्याच्या, केस पांढरे आणि कापलेले, पायात रबरी चपला. नाव सांगितलं नोलीन. मला मास्कमधून नलिनी ऐकू आलं, मी नलिनी म्हटलं, ती ‘क्लोज इनफ, लव्ह’ म्हणाली. (‘लव्ह’ म्हटलं म्हणून दचकू नका. आपण ‘अगं’ म्हणतो त्या जागी हे म्हणतात.) मी तिला अंगणातल्या खुर्चीत अंतर राखून बसवलं आणि आता भाडेकरूला काय विचारतात हा प्रश्न पडला. मला माणूस पारखण्याची एकच पद्धत माहीत आहे, आणि ती मी तुमच्याकडूनच शिकले. सलिलचं स्थळ बघायला तुम्ही आमच्याकडे आला होता तेव्हा सोफ्यावर टेकायच्या आत जी प्रश्नपत्रिका काढली होतीत, तीच मी नलिनीपुढे ठेवली.

पहिला प्रश्न तुमचाच. आर यू इन सर्व्हिस? बाई म्हणाली, ‘सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया, लव्ह.’ आता मला सांगा, ऑस्ट्रेलियाच्या सर्व्हिसमध्ये आहे असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय समजाल? मी विचारलं, गव्हर्नमेंट? म्हणाली, येह, गव्हर्नमेंट. परमनंट? तर हसली आणि म्हणाली, आता तसंच वाटायला लागलंय. मी म्हटलं, बाई विनयशील आहे. वरचे अलाउन्स? तर म्हणाली, रेंट असिस्टन्स मिळतो. चित्राताई, मी टेलिफोन खात्यात उभा जन्म काढला, मला काय एचआरए कळत नाही? घरभाडे भत्ता! मूळ पगार अधिक घरभाडे भत्ता! रोज ऑफिसला जावं लागतं का विचारलं तर म्हणाली, नाही, सगळं ऑनलाइन, दर पंधरवड्याला रिपोर्ट करायचं असतं. पेन्शन? आहे ना, पाच वर्षांनी. मी मनात म्हटलं, श्यामले, नशीब काढलंस. सलिलच्या वेळी तुम्ही ‘प्रायव्हेट कंपनी म्हणजे आज आहे उद्या नाही’ म्हणून ओठ मुडपले होते ते मला लख्ख आठवलं. इथे तर साक्षात सरकार चालून आलं होतं. मी पोहे आणले, चिन्मयीला तिच्या मांडीवर दिलं (सॅनिटायझर लावून), पोरगी रडली नाही. आणखी काय बघायचं असतं? मी देवापुढचा नारळ आणला, तिच्या हातात ठेवला, त्यावर मागच्या घराची किल्ली ठेवली आणि ‘फायनल’ म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, हिला पोहे तिखट लागले.

सलिल मीटिंग संपवून बाहेर आला, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली चड्डी अशा त्यांच्या गणवेशात, तोवर नलिनी गाडीतून पिशव्या काढायला लागली होती. त्याने हसून विचारलं, कोणतं डिपार्टमेंट? ती म्हणाली, बोलिंग क्लबच्या स्वयंपाकघरात होते, मार्चमध्ये क्लब बंद झाला, तेव्हापासून जॉबसीकरवर आहे, तुझ्या आईला सांगितलंय सगळं. आणि खरंच तिने सांगितलं होतं! एक अक्षर लपवलं नव्हतं. (सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया हे सेंटरलिंकचंच मोठ्या अक्षरांतलं नाव.) सलिलचा चेहरा असा झाला की मला त्याची दहावीची सहामाही आठवली. मला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाला, ‘आई, शी इज ऑन सेंटरलिंक! दॅट्स द वन थिंग वुई सेड!’ (चिडला की तो इंग्रजीत जातो, त्याचे बाबा संस्कृतात जायचे.) मी म्हटलं, मग तसं स्पष्ट मराठीत ‘बेकारभत्ता’ का नाही म्हणत हे लोक? चूक माझी नाही, इंग्रजीची आहे. आणि आता नारळ दिला आहे.

नारळ हा मुद्दा त्याच्या गळी उतरेना. म्हणे सही झालेली नाही, लीज नाही, कायद्याने आपण नाही म्हणू शकतो. मी म्हटलं, कायद्याने तू मला विमानतळावरही सोडून येऊ शकतोस, तुला वाईट कोण म्हणेल? चित्राताई, तुम्हाला हे सांगायची गरज नाही. सुपारी फोडल्यावर, नारळ हातात दिल्यावर माघार घेतली तर माणसं दारावरून जाताना बोट दाखवतात. शेवटी तडजोड झाली. दोन आठवडे राहू द्यायचं, मग ठरवायचं. ते दोन आठवडे रविवारी संपतात.

आता या दोन आठवड्यांत मी काही डोळे मिटून बसले नव्हते. शैलेंद्रने सांगितलेली लक्षणं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तपासत होते, भाजी निवडता निवडता. तिसऱ्या दिवशी ड्रिलचा आवाज आला. म्हटलं, पाडलीन भोकं! तशीच लाटणं हातात घेऊन धावले. बघते तर नलिनी अंगणातली कपडे वाळत घालायची ती गोल फिरणारी छत्री दुरुस्त करत होती, जी मे महिन्यापासून मोडली होती आणि जिच्याबद्दल सलिल दर शनिवारी ‘बघतो’ म्हणत होता. पाचव्या दिवशी मोठ्यांदा गाणी लागली. म्हटलं, पार्टी! गेले. तर ती एकटीच, ओट्यावर पीठ पसरून केक करत होती, आणि क्लबमध्ये लोकांसाठी रांधायची सवय असल्यामुळे केक अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा झाला होता. शैलेंद्रकडेही गेला. त्याने खाल्ला. भाडं म्हणाल तर आदल्या दिवशीच जमा. अर्णवसारख्या गुणी मुलाला सुद्धा ‘अरे, पाच तारीख झाली’ असा मेसेज करावा लागायचा.

मग मी सलिलला नीट समोर बसवून विचारलं. म्हटलं, अर्णवला कंपनी पोसत होती. कंपनी एका ईमेलमध्ये गेली. नलिनीला सरकार पोसतं. सरकार कुठे जातंय? आणि सरकारच्या पैशाचा एवढा विटाळ असेल तर माझ्या पुण्याच्या खात्यात दर महिन्याला पेन्शन येते ती कोण भरतं? मीही सेंटरलिंकवालीच की. तो म्हणाला, ‘आई, तुझं वेगळं आहे.’ कसं वेगळं ते अजून सांगितलेलं नाही. शैलेंद्रचा तर मी कुंपणावरच समाचार घेतला. मंजिरीकडून मला कळलं होतं की त्याच्या कंपनीचा धंदा बसल्यामुळे गेले सहा महिने त्याचा पगार सरकारच्या मदतीतून निघतो. त्या मदतीला म्हणतात जॉबकीपर. नलिनीला मिळतो तो जॉबसीकर. मी त्याला विचारलं, शैलेंद्र, ‘कीपर’ आणि ‘सीकर’ यांत अक्षरांची जेवढी उलथापालथ आहे तेवढाच तुझ्यात आणि तिच्यात फरक, का आणखी काही आहे? तो म्हणाला, काकू, इट्स कॉम्प्लिकेटेड, आणि लिंबाच्या झाडाला पाणी घालायला गेला. पाऊस पडत होता तरी घातलं.

इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना शनिवारी सकाळी माशी शिंकली. आदल्या संध्याकाळी सलिल आणि मंजिरी अंगणात उभं राहून नलिनीला नाही कसं सांगायचं ते बोलत होते, आणि मागच्या घराच्या लाकडी भिंतींतून शब्द न शब्द आत जातो. सकाळी मी पोळ्यांची कणीक मळत होते तर नलिनी मागच्या दारात. नारळ परत घेऊन आली होती. अजून फोडला नव्हता. तिला वाटलं होतं, नारळ म्हणजे आपल्याकडची अनामत, घर सोडताना परत करायची असते! त्याला तिने खिडकीत एका बशीवर मांडून ठेवलं होतं, रोज पुसत होती. किल्ली आणि नारळ ओट्यावर ठेवून म्हणाली, ‘नो वरीज, शाम. डोन्ट वॉन्ट ट्रबल फॉर यू.’ आणि वळली. चित्राताई, मला रडू आलं. सरळ सांगते, कणकेचे हात तसेच तोंडाला लावून रडले. गेल्या सहा महिन्यांत किती घरवाल्यांनी या बाईला सेंटरलिंक म्हटल्यावर दार लावून घेतलं होतं. वॉलॉंगॉंग नावाच्या गावी लेकीकडे होती, पण जावयाचंही काम गेलं, तीन नातवंडं, दोन खोल्या, म्हणून ही आपणहून बाहेर पडली आणि समुद्रकाठच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपायला लागली. लेकीला सांगितलं, मैत्रिणीकडे राहते. ते पोह्यांच्या दिवशीचं पाणी तिखटाचं नव्हतं हे मला त्या क्षणी कळलं.

मग मी एक खुर्ची उचलली, बाहेर नेली, आणि तिच्या गाडीच्या बरोब्बर मागे, सलिलच्या फाटकात मांडून बसले. गाऊनवर स्वेटर, हाताला कणीक. नलिनी गाडीत, मी मागे. ती काच खाली करून ‘शाम, लव्ह, मूव्ह’ म्हणे, मी मान हलवी. रस्त्यावरून फिरायला निघालेली गुजराती, तेलुगू, तमिळ मंडळी थांबायला लागली (गिरावीनमध्ये सकाळी चालणाऱ्यांत आपलेच लोक जास्त), आणि एका आजोबांनी हिंदीतून विचारलं, बहनजी, पानी चाहिए? खिडकीत सलिल दिसत होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला, मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता का रडत होता ते लांबून कळलं नाही. बाहेर आला, नलिनीच्या गाडीतली सगळ्यात जड पिशवी उचलली आणि मागच्या घरात नेऊन ठेवली. म्हणजे मुलगा माझ्या बाजूला आला. राहता राहिली मंजिरी. ती सेंटरलिंकच्या विरुद्ध नाही, नलिनीच्या तर मुळीच नाही, दोघी मिळून केक करतात. तिचं कारण निराळं आहे, आणि ते पत्राच्या पोटात मावणारं नाही, जागा उरली तर खाली लिहिते.

एकूण माझं मत विचाराल (कुणी विचारत नाही, पण तुम्ही विचाराल), तर घरमालकाने भाडेकरूचा पैसा कुठल्या खिशातून येतो हे बघू नये, माणूस बघावा. आणि तुमची प्रश्नपत्रिका वापरावी. त्यात तिला पैकीच्या पैकी पडले होते, उत्तरं चुकीची समजली तरी. या सगळ्यात माझा काडीचाही स्वार्थ नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. लिफ्ट सुरू झाली की कळवा. मोठ्यांना नमस्कार सांगा. लहान आहे ते इकडेच आहे, तिचा तुमच्या वाटचा पापा मी रोज घेते आणि तसं तिला सांगते.

तुमची विहीण,
श्यामला

ता. क. जागा उरली. मंजिरीचं कारण असं की ते मागचं घर तुमच्यासाठी आहे. जानेवारीत तिने त्याला फिकट पिवळा रंग दिला, कारण मुलुंडच्या तुमच्या स्वयंपाकघराचा तोच आहे. तुमचा पाय घसरू नये म्हणून न्हाणीघरात दांडा बसवून घेतला. अर्णवलाही तिने एप्रिलपर्यंतच्या बोलीवरच ठेवलं होतं, मग ममा येणार म्हणून. नलिनीला वर्षाचं लीज हवंय, आणि त्यानंतरही ती कुठे जाणार? मंजिरी म्हणते, आई, ममाला मी एवढंच देऊ शकते, ते तरी राहू द्या. थोडक्यात, मी तुमच्या घरात तुम्हाला न विचारता भाडेकरू ठेवला. आता विचारते. चित्राताई, ते घर सोडाल का?

ता. क. (दुसरा) कसं सांगायचं तेही मी ठरवून ठेवलंय. अधिक महिना चालू आहे, आणि यंदा जावयाला वाण पाठवता येत नाही, तेहतीस अनारसे पोस्टात अडकतील म्हणून तुम्ही हळहळत होता. रविवारी फोनवर सलिलला सांगा, यंदा वाण म्हणून मागचं घर दिलं, त्यात हवा तो भाडेकरू ठेवा. अधिकातलं वाण परत करायची पद्धत नाही, त्यामुळे मंजिरीला बोलता येणार नाही. जावयाला सिडनीत घर वाण देणारी मुलुंडमधली तुम्ही पहिलीच सासू. गुरुदत्तरावांना सोसायटीभर मिरवता येईल, नाहीतरी ते स्वतः मुलुंड चेकनाक्यापलीकडे येणार नाहीतच.

ता. क. (तिसरा) वर काडीचाही स्वार्थ नाही असं लिहिलंय ते खोडलं तर पान घाण होईल म्हणून राहू दिलं. या घरात मला सगळे आई म्हणतात, शैलेंद्र काकू म्हणतो. नावाने हाक मारणारी एकटी नलिनी आहे. अर्धंच नाव घेते, पण घेते.

ता. क. (शेवटचा) तुम्ही आलात की राहणार कुठे, याची काळजी करू नका. मागच्या घरात चिन्मयीचं रडणं ऐकूच येत नाही, मधे अख्खं अंगण आहे. तिचा पाळणा माझ्या खोलीत आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खाटा, त्यातली खिडकीकडची मी रिकामी ठेवली आहे. मी घोरते, तुम्हीही घोरता, लग्नाच्या आदल्या रात्री हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलंय, तेव्हा फिटंफाट. पहाटे ती उठली की आधी तुम्ही उचला. मी झोपेचं सोंग घेईन.